संपातलं काकींचं पत्रक

काकी आमदार झाल्या हे सगळ्यात शेवटी पटलं ते काकींनाच. मतमोजणी संपली, गुलालात न्हालेली पोरं ढोल-ताशा घेऊन त्यांच्या भाताच्या गिरणीवर आली, तेव्हा काकी डोक्याला फडकं बांधून कोणाचं तरी पोतं भरडून देत होत्या. पोरांनी हार पुढं केला. काकी म्हणाल्या, "थांबा रं. ही बाय लांबून आलेय, तिचं पोतं व्हऊं दे." ढोलवाले थांबले. ती बाई मात्र एवढी घाबरली, की तांदूळ घेऊन गेली आणि कोंडा तिथंच विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवनिर्वाचित आमदारांचा पहिला सरकारी दौरा झाला तो तिचा कोंडा पोचवायला.

लोधिवलीच्या पुढं जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून आत वळलं, की ती गिरणी लागते. नवरा गेल्यावर काकींनीच ती चालवली. गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता, की साधं "पाणी दे" म्हणाल्या तरी शेजारच्या आळीतली माणसं तांब्या घेऊन उठत. प्रचारात त्यांनी कधी माइक धरला नाही. माइकवाला पोरगा सभेत नुसता बसून असायचा आणि जेवून जायचा.

त्यांना तिकीट मिळालं त्याची गोष्टही साधीच आहे. कर्जतमधले एक वजनदार गृहस्थ आणि खालापूरमधले दुसरे वजनदार गृहस्थ, दोघांचं एकमेकांशी हाडवैर. याला दिलं तर तो पाडणार, त्याला दिलं तर हा पाडणार. मुंबईच्या मोठ्या लोकांनी विचार केला, की मधल्यामध्ये एखादी निरुपद्रवी बाई उभी करावी. काकी तेव्हा पंचायत समितीवर होत्या आणि बैठकांत गप्प बसायच्या. त्या गप्प बसायच्या कारण त्या ऐकत असायच्या, हे मोठ्या लोकांच्या लक्षात आलं नाही. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, म्हणतात ते आमच्या मतदारसंघाच्या बाबतीत अक्षरशः खरं झालं, आणि तो लाभ काकींना झाला त्यापेक्षा आम्हालाच जास्त झाला, असं माझं आजही मत आहे.

माझं खोपोलीत छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि मधल्या वेळात पुढाऱ्यांची पत्रकं. मराठी बरी आहे असा माझा लौकिक आहे, आणि तो मीच पसरवलेला नाही. 'जाहीर निषेध', 'तीव्र संताप', 'जनतेच्या भावनांशी खेळ' ही माझी ठेवणीतली शस्त्रं. काकींनी मला बोलावून घेतलं, माझं पहिलं पत्रक वाचायला लावलं आणि विचारलं, "तीव्र म्हंजे किती?"

"म्हणजे खूप, काकी."

"मला तर येवढा नाय आला संताप. थोडा आलाय. थोडा लिव."

तेव्हापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "काय रं पत्रकवाल्या" हेच माझं नाव झालं. मला चिडायला फार लागत नाही, पण काकींवर चिडून मी कधी घरी पोचू शकलो नाही. वाटेतच हसू यायचं.

त्यांचा एक कायदा होता, आणि त्यापुढं राज्यघटनाही थोडी बिचकून राहायची. ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याच्या तोंडावर आधी बोलायचं. मगच छापायचं. "मागं बोललेलं वाऱ्यावर जातं," त्या म्हणायच्या, "तोंडावर बोललेलं घरात जातं." यात वाईट एवढंच, की तोंडावर वाचायचं काम माझ्याकडं असायचं. एका वाडीचा ट्रान्सफॉर्मर जळून पंधरवडा झाला, म्हणून मी एका वीज अधिकाऱ्याविरुद्ध झणझणीत पत्रक लिहिलं. काकींनी मला थेट त्याच्या टेबलासमोर उभं केलं. "वाच." मी वाचू लागलो. 'निर्ढावलेले अधिकारी' या शब्दावर माझा आवाज बसला, कारण तो अधिकारी माझ्याकडे बघत होता आणि त्यानं नुकताच मला चहा दिला होता. वाचून झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, नवा ट्रान्सफॉर्मर आठवड्यापूर्वीच पाठवलाय. टेंपो गावाच्या तोंडाशी उभा आहे. रस्त्यात पेंढ्याची उडवी रचली आहे, ती कुणी हलवू देत नाही."

उडवी कोणाची, तर काकींच्या चुलत दिराची. काकींनी माझ्या हातातला कागद घेतला, चार घड्या केल्या आणि कमरेला खोचला. तिथून निघालो ते सरळ दिराच्या अंगणात. तिथं काय झालं ते मी लिहीत नाही, दीर अजून हयात आहेत. संध्याकाळी वाडीत दिवे लागले.

असंच माथेरानचं. वर काहीतरी सरकारी बैठक होती. दस्तुरीला गाड्या थांबतात, पुढं घोडा नाहीतर हातरिक्षा. साहेब लोक ऐटीत रिक्षात बसले. काकी म्हणाल्या, "मतं दिली त्यांनी, आता वढायला पन लावू?" आणि चालत निघाल्या. त्यांच्यामागं मी, माझ्यामागं त्यांचा अंगरक्षक. चढावर माझा जीव कासावीस झाला. शेवटी एक रिक्षावाला रिकामी रिक्षा घेऊन आमच्या बाजूनं चालत आला आणि म्हणाला, "काकी, तुमी बसला नाय तर आमी खावं काय? तुमचं मन मोठं, पन त्यानं आमचं प्वाट भरत नाय." काकी उभ्या राहिल्या. अशा वेळी त्या खरंच विचार करायच्या, चेहऱ्यावरून कळायचं. मग त्यांनी आपली पिशवी रिक्षात ठेवली, माझी पिशवी ठेवली, अंगरक्षकाला म्हणाल्या, "तू बस," आणि रिक्षावाल्याला पूर्ण भाडं देऊन स्वतः रिक्षाला मागून हात लावत वर गेल्या. सरकारी बंदूकवाला रिक्षात आणि आमदार मागं, हे बघायला सगळी बाजारपेठ दारात आली होती. तो अंगरक्षक बिचारा पुढं महिनाभर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

भाषण त्या नेहमी पंगत उठल्यावर करायच्या. आधी नाही. "उपाशी मानूस कशालाबी हो म्हनतो. मला जेवलेल्यांचं हो पायजे." त्यामुळं त्यांच्या भाषणात निम्मी माणसं पेंगायची, पण टाळ्या ज्या पडायच्या त्या खऱ्या पडायच्या.

आता संपाचं सांगतो. खरं म्हणजे एवढं सगळं मी त्याच्यासाठीच सांगत आलो.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. तहसील, भूमी अभिलेख, पंचायत समिती, शाळा, सगळीकडे कुलपं. कचेरीच्या आवारात कुत्री सावली बघून झोपायची, त्यांना कोणी हाकलत नव्हतं. कर्जतला तहसीलसमोर संपवाल्यांचा मांडव पडला. मांडवात तलाठी, शिपाई, गुरुजी, नर्सबाया. बाहेर दाखल्यासाठी, वारसनोंदीसाठी वाड्यावस्त्यांवरून आलेली माणसं. दोन्हीकडचे चेहरे एकाच गावचे. बरेचदा एकाच घरचे.

काकी सत्ताधारी पक्षाच्या. दुसऱ्याच दिवशी मुंबईहून माझ्या मोबाइलवर तयार निवेदन आलं, सगळ्या आमदारांनी आपापला फोटो लावून प्रसिद्ध करावं म्हणून. मी खूश झालो. एक तर आयतं मिळालं होतं, आणि शब्दही माझ्या पसंतीचे होते. 'मूठभर कर्मचाऱ्यांनी जनतेला वेठीस धरले आहे', 'आडमुठेपणा', 'शासन सकारात्मक आहे', 'जनतेचे हाल होत आहेत'. मी ते छापून काकींना दाखवलं.

काकी म्हणाल्या, "चल."

"कुठं?"

"मांडवात. तोंडावर वाचायचं नाय का?"

मी हात जोडले. "काकी, मारतील हो मला."

"मग मी वाचते," असं म्हणून त्या निघाल्या.

मांडवात शिरल्या तेव्हा घोषणा चालू होत्या. काकींनी हात वर केला आणि गिरणीच्या आवाजात म्हणाल्या, "हे मला वरून आलंय, माज्या नावानं छापायला. तुमच्याबद्दल हाय म्हनून तुमालाच वाचून दाखवते. ज्ये खोटं वाटंल तिथं बोला. ज्ये खरं वाटंल तिथं गप ऱ्हावा."

पहिलं वाक्य वाचलं, 'मूठभर कर्मचारी.' मागून एक तलाठी उठला. "काकी, मांडवात जागा नाय म्हनून निम्मे उन्हात बसलेत. ही मूठ हाय का?" काकींनी मान वळवून उन्हातली माणसं बघितली. मला म्हणाल्या, "काट." मी काटलं. 'आडमुठेपणा.' एक नर्सबाई म्हणाली, "मुंबईला जाऊन बोलायला आम्ही कधी नाही म्हटलं? बोलावतंय कोण?" "काट." 'शासन सकारात्मक आहे.' यावर मांडव हसला. काकीही हसल्या. "ह्ये मला पन म्हाईत नाय, मला कुनी सांगितल्यालं नाय. काट."

मग शेवटचं, 'जनतेचे हाल होत आहेत.' कुणी बोललं नाही. मांडवाच्या कडेला एक म्हातारा टोपी हातात धरून उभा होता, डोंगरातल्या वाडीवरून तिसऱ्यांदा आलेला. तो हळूच म्हणाला, "व्हतात."

"ह्ये ठेव," काकी म्हणाल्या.

एवढ्यात पुढच्या रांगेतला एक शिपाई उठला. पोरसवदा नव्हे, चांगला पिकल्या मिशीचा. "काकी, एक ईचारू? तुमाला पेन्शन हाय?"

मी घाम पुसला.

"हाय," काकी म्हणाल्या. "एक डाव निवडून आलं की लागू."

"आनि आमी जन्मभर नोकरी करून?"

काकी त्याच्याजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "ह्याचं उत्तर माज्याकडं नाय. ज्यांच्याकडं आसंल त्यांना तोंडावर ईचारीन." आणि तिथंच उभ्या राहून त्यांनी दोन शब्द दिले. संपवाल्यांना म्हणाल्या, "संप हाय तवर मी तुमच्यातल्या कुनालाबी 'कामावर ये' असं म्हननार नाय. म्हनाले तर मला गावात फिरकू देऊ नका." आणि बाहेरच्या माणसांकडं वळून म्हणाल्या, "आनि तुमचं जितं अडंल, तितं मी येऊन उभी ऱ्हाईन." दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. दोन शब्द एकमेकांच्या अंगावर येऊ शकतात, हे त्या क्षणी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

त्या दिवशी काकींच्या नावानं निघालेलं पत्रक असं होतं: 'लोकांचे हाल होत आहेत, हे खरे आहे. बाकीचे मला पाठवलेले मी संपकऱ्यांना वाचून दाखवले, ते त्यांना पटले नाही, आणि मलाही पटवून देता आले नाही.' माझ्या हयातीत मी छापलेलं हे सगळ्यात छोटं आणि सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पत्रक. पक्षाच्या कचेरीतून मला फोन आला. काय काय ऐकलं ते सांगत नाही, त्यातले काही शब्द माझ्याही मराठीत नव्हते.

पुढचे दिवस त्या सकाळी अधिवेशनाला जायच्या आणि परतल्या की कुलूप लावलेल्या कुठल्या तरी कचेरीच्या पायरीवर येऊन बसायच्या. कुणाची म्हातारी दवाखान्यात न्यायची असायची, कुठल्या शाळेतल्या पोरांना जेवायला कुणी करून घालायचं असायचं. होईल ते करायच्या, होणार नाही त्याला "ह्ये माज्या हातात नाय" असं स्पष्ट सांगायच्या. विधानभवनाच्या पायऱ्यांवर वाहिनीवाल्यांनी माइक पुढं केला, तेव्हा म्हणाल्या, "मला पाच वर्सांत पेन्शन, आनि आमच्या शिपायाला जन्मात नाय. ह्ये कसं बरुबर हाय, त्ये मला कुनीतरी समजावून द्यावं. समजलं तर मी संपाविरुद्ध पत्रक काढते." समजावून द्यायला कुणी आलं नाही. पुढच्या निवडणुकीला तिकीट दुसऱ्याला गेलं. काकींनी ते मनाला लावून घेतलं नाही. आम्हीच घेतलं, आणि अजून घेतो. मतदारसंघात आमदार पुष्कळ होतील, पण छाती पुढं काढून 'आमच्या' म्हणावं अशा त्या एकट्याच.

तर संप चालू असतानाचीच एक गोष्ट सांगायची राहिली. साजगावच्या एका कारखान्यात कामाला असलेला जवान पोरगा रात्रपाळी करून बाईकवरून घरी येत होता. जुन्या रस्त्यावर पहाटे बाईक घसरली. पोरगा जागीच गेला. पोलिसांनी पंचनामा केला आणि प्रेत सरकारी दवाखान्यात आणलं. शवविच्छेदन झाल्याशिवाय ताब्यात मिळत नाही. डॉक्टर हजर होते. पण अंग उचलायला, धुवायला, नंतर शिवायला जो मदतनीस लागतो, तो संपात होता. दवाखान्याच्या फाटकाशीच तिथल्या संपवाल्यांचा लहानसा मांडव होता, त्यात तो बसला होता. आजूबाजूच्या दवाखान्यांत फोन करून झाले, तिथंही हीच गत.

आमच्याकडं प्रेत मार्गी लागेपर्यंत भावकीत चूल पेटत नाही. ऊन चढलं, दुपार झाली. गावात सकाळपासून कुणी घोटभर चहा घेतला नव्हता, लहान पोरं रडत होती. पोराची आई शवागाराच्या पायरीवर भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होती, "कदी देनार?"

काकी अधिवेशन अर्ध्यावर सोडून आल्या; आम्ही पोचलो तेव्हा पोराचा चुलता धावत आला. "काकी, तुमी एक शबूद टाका. तुमच्या शबदाभायेर नाय त्यो मांडवातला. येवढं करा."

काकींचा चेहरा उतरला. "तोच शबूद मी देऊन बसलेय रं बाबा," त्या म्हणाल्या.

मी त्यांना बाजूला घेतलं. खरं सांगतो, मला त्या वेळी राग आला होता. "काकी, मोडा शब्द. अशा वेळी कोण धरून बसतं? कुणी विचारणार नाही तुम्हाला."

काकींनी मांडवाकडं बोट केलं. तो मदतनीस मान खाली घालून बसला होता. मधल्या वयाचा, दंडावर काळी फीत. "त्यो ईचारंल," काकी म्हणाल्या. "भायेर नाय, मनात. सगळे साहेब लोक त्याला हुकमानंच कामाला लावतात. मी पन लावू?" आणि मग पायरीकडं बघून म्हणाल्या, "पन तिला तरी काय सांगू?"

एवढं हतबल मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही नाही. पायरीवरची बाई पुन्हा म्हणाली, "कदी देनार?" आणि काकींनी पदर कमरेला खोचला.

आधी त्या मांडवात गेल्या. "मी आत चाललेय डाक्टरच्या हाताखाली. तुमाला कामावर या म्हनत नाय, माजा शबूद शाबूत हाय. पन ज्ये करनार त्ये काम तुमचं हाय, म्हनून तुमाला सांगून जाते." कुणी काही बोलायच्या आत वळल्या. डॉक्टर दारातच अडले. "मॅडम, तुम्ही आमदार आहात, हे असं चालत नाही." काकींनी मोबाइल, पिशवी आणि गळ्यातलं अधिवेशनाचं ओळखपत्र काढून माझ्या हातात दिलं. "आमदार ह्याच्याकडं ठेवलाय. चला."

पुढं लोक म्हणाले, की नाटक केलं, त्या माणसावर दबाव आणला. जे म्हणतात ते तिथं नव्हते. मी होतो. ओळखपत्राची दोरी अंबाड्यात अडकली, तर ती सोडवायलाही त्या थांबेनात, तशाच दाराकडं वळल्या; दोरी मला सोडवावी लागली. नाटक करायला कॅमेरा लागतो, तो तोवर आलाच नव्हता.

दार लागलं. मांडवातल्या घोषणा थांबल्या. कर्णा घेतलेला माणूस कर्णा मांडीवर ठेवून बसला. मग तो मदतनीस उठला. शेजारच्यानं त्याचा हात धरला. "अरं, संप मोडंल."

"मी संपातच हाय," तो म्हणाला. त्यानं दंडाची काळी फीत चाचपून घट्ट केली. "पर ती म्हातारी आत काय करनार? तिला जमनार नाय. त्या पोराचं हाल व्हतील." आणि तो चालत शवागारात गेला.

आतलं मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तो म्हणाला, "काकी, व्हा बाजूला." काकी म्हणाल्या, "तुला मी बोलावलं नाय." तो म्हणाला, "मी माज्या मनानं आलोय." "मग मी पन माज्या मनानं ऱ्हाते," काकी म्हणाल्या, आणि शेवटपर्यंत हलल्या नाहीत. पोराचा एक हात त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला होता. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते डॉक्टरांना कळलं नाही.

दार उघडलं तेव्हा उन्हं कलली होती. मदतनीस आधी बाहेर आला, नळावर हात धुतले आणि तसाच ओल्या हातांनी जाऊन मांडवात आपल्या जागी बसला. शेजारचा सरकला आणि त्याला जागा करून दिली. कुणी त्याला शब्दानं बोललं नाही. उलट तो कर्णावाला उठून त्याच्यासाठी पाणी घेऊन आला.

मागून काकी आल्या. चेहरा पांढराफटक, पदर भिजलेला. दाराबाहेर एका वाहिनीचा माणूस कॅमेरा घेऊन पोचला होता. तो माझ्या कानाशी लागला, "आमदारताईंचं काही निवेदन?" मी त्याला ढकलूनच बाजूला केलं. आयुष्यभर पत्रकं विकून पोट भरणारा मी, पण त्या वेळी त्याच्या कॅमेऱ्यासमोर आडवा उभा राहिलो.

पोराची आई पायरीवरून उठली. काकींसमोर येऊन उभी राहिली.

"तुमी आत व्हता?"

"व्हते."

"लय फाडला गं त्याला?"

काकी खोटं बोलल्या नाहीत. "नीट शिवून दिलाय," त्या म्हणाल्या. "आनि सगळं व्हईस्तवर हात धरून व्हते मी त्याचा. येकटा नवता."

"कंच्या हातानं?"

काकींनी दोन्ही हात पुढं केले. त्या माउलीनं ते हातांत घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि आपल्या गालाला लावले. तेव्हा कुठं, सकाळपासून पहिल्यांदा, तिला रडू फुटलं.

अ‍ॅम्ब्युलन्स मागं घेतली, पोराला आत ठेवलं, चुलता हाक मारू लागला, तरी तिनं ते हात सोडले नाहीत. काकींनीही सोडवून घेतले नाहीत. तशाच त्या तिच्याबरोबर गाडीत चढल्या, आणि आमदारांची पिशवी, मोबाइल, ओळखपत्र घेऊन मी आणि अंगरक्षक रस्त्यात उभे राहिलो.